चौथी ओळ

रात्री दहानंतर कुम्हारीत जी. ई. रोडवरच्या ट्रकांचा आवाज तेवढा उरतो. तेव्हा मी दिवसभरात आलेले क्रॅश रिपोर्ट चाळायला बसते. एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात मी हे काम हौसेनं करते. कुणाच्या तरी संगणकावर प्रोग्राम अचानक बंद पडतो आणि त्या क्षणाचा तपशील आपोआप आमच्याकडे येतो: आवृत्ती, मेमरीतला पत्ता, आणि कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं होतं त्याची उतरंड.

मी आधी पत्ता बघते. तो शून्याच्या अगदी लगत, म्हणजे आठ किंवा सोळा असेल, तर कोडनं रिकाम्या पॉइंटरला खरी वस्तू समजून आत हात घातलेला असतो. फायरफॉक्सच्या रिपोर्टात ई५ई५ई५ई५ दिसलं तर जास्त काळजी. तिथे मोकळ्या केलेल्या मेमरीत मुद्दाम ई५ भरतात, त्यामुळे सोडलेली जागा कोणीतरी अजून वापरतंय हे पत्त्यावरूनच कळतं. अशा चुकीतून घुसखोर आत शिरू शकतो, म्हणून ती आधी सुरक्षेचं काम बघणाऱ्यांकडे गुपचूप सोपवायची असते.

गूगलचं ओएसएस-फझ २०१६ पासून मुक्त प्रकल्पांवर वेडंवाकडं इनपुट सतत टाकून क्रॅश शोधतं आणि ज्यामुळे प्रोग्राम पडला ते इनपुटही सोबत देतं. माणसांकडून येणाऱ्या रिपोर्टात आम्हाला ते मिळत नाही. लिहिणाऱ्याचा खासगी मजकूर आमच्यापर्यंत येऊच नये, हे मला मनापासून पटतं. मग हातात उरते ती उतरंड.

वरच्या तीन ओळी जुळल्या की यंत्र रिपोर्ट एका गठ्ठ्यात टाकतं. माझे बाबा भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये विद्युत देखभालीला होते. ते सांगत, लॉगबुकात ट्रिप झालेल्या ब्रेकरचं नाव लागतं, जाम झालेलं बेअरिंग मात्र भलतीकडेच असतं. हे ऐकत वाढूनही गेल्या पावसाळ्यात मी चुकले. अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीत पडलेला एक रिपोर्ट वरच्या तीन ओळी बघून 'डुप्लिकेट' म्हणून बंद केला.

आठवड्यानं तोच गठ्ठा चाळताना खालच्या चौकटीतली टिप्पणी दिसली. बाकीच्या साथीदारांना देवनागरी वाचता येत नव्हती, आणि मी ती उघडलीच नव्हती. 'दुसर्‍या ओळीवर गेलं की बंद पडतं. तीनदा झालं.' उतरंड पुन्हा बघितली. चौथी ओळ वेगळी होती, ओळ मोडणाऱ्या आमच्याच कोडची.

तीच टिप्पणी कोऱ्या पानावर चिकटवली आणि खिडकी हळूहळू अरुंद करत नेली. 'दुसर्‍या' काठाशी आला आणि प्रोग्राम गेला.

मराठीतला हा आडवा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. इथे दुसरी तऱ्हा होती. हलन्तामागे व्यंजन असेल तर तिथे ओळ तोडायची नाही, एवढंच आमच्या कोडला शिकवलेलं. मध्ये जोडचिन्ह आल्यावर त्याला अक्षर संपल्यासारखं वाटलं, अर्धा र वर राहिला, य खाली गेला आणि तुकड्याची लांबी उणे एक झाली. ती घेऊन बिचारी लायब्ररी मेमरीच्या हद्दीबाहेर गेली. हिंदीत हा आडवा र लागतच नाही, त्यामुळे आमच्या हिंदी चाचण्या बिनबोभाट पार पडत होत्या.

रिपोर्ट पुन्हा उघडला, तो चुकून बंद केला होता असं माझ्या नावानं लिहिलं आणि दुरुस्ती पाठवली. टिप्पणी लिहिणाऱ्याला कळवायची सोय नाही. आता चाचण्यांच्या फोल्डरात एकाच शब्दाची एक फाइल आहे. प्रत्येक बिल्डच्या वेळी तो शब्द वेगवेगळ्या रुंदीत मोडून बघितला जातो.