ठिपका कोणाचा?

आमच्या पक्षीवेड्या टोळक्यात एक खेळ चालतो. आपल्या फोनमधला पक्ष्याचा सगळ्यात वाईट फोटो शोधायचा, ग्रुपवर टाकायचा आणि खाली एवढंच लिहायचं, ‘कोण?’ फोटो जितका भिकार तितका मान मोठा. अट एकच. टाकणाऱ्याने तो पक्षी दुर्बिणीतून स्वच्छ पाहिलेला असावा. उत्तर कुणाकडेच नसेल तर खेळ होत नाही, नुसतं भांडण होतं.

ऊन चढल्यावर भिगवणला काढलेले फोटो यासाठी फार गुणाचे. उजनीच्या पाण्यावर गरम हवा थरथरत असते आणि पलीकडच्या काठावरचा पक्षी कडेने वितळू लागतो. त्यात फोनचा डिजिटल झूम. तो पक्ष्याला जवळ आणत नाही, आहेत तेच चौकोन मोठे करून दाखवतो. तरीही शेकाट्या लपत नाही. उडताना शेपटीच्या कितीतरी मागे जाणारे त्याचे पाय त्याला उघडं पाडतात. मग चिखलातले बारके तुतवार येतात आणि भले भले गप्प होतात.

रंग सगळ्यात आधी दगा देतो. सूर्य पक्ष्यामागे असला की बुलबुल, कोतवाल, साळुंकी सगळे काळेच. खंड्याच्या निळ्याचं तर विचारूच नका. ते निळेपण रंगद्रव्याचं नाहीच. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उजेड विखुरतो म्हणून ते दिसतं, आणि उजेड बदलला की त्याची तऱ्हाही बदलते. म्हणून मुरलेला माणूस रंगाकडे शेवटी वळतो. आधी बघतो, बसलाय कसा, उडतोय कसा. तारेवरच्या ठिपक्याची लांब शेपूट टोकाला दुभंगलेली असेल तर कोतवाल. आभाळातल्या ठिपक्याचं डोकं बारीक आणि मान पुढे काढलेली असेल तर मोहोळघार. शेपटीला खाच असेल तर आपली रोजची घार.

सगळे फोटो एकाच कारणाने धूसर नसतात, हे मला या खेळानेच शिकवलं. हात हलला तर सगळंच पुसतं. पण कधी दगड स्पष्ट, पक्ष्याचं डोकं स्पष्ट आणि शेपटीचा तेवढा फराटा असतो. तो फराटाच उत्तर असतो: धोबी. शेपूट हलवल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि कमी उजेडात शटर जरा जास्त वेळ उघडं राहिलं की ती खोड फोटोत उतरते. कापशी घारीचंही तेच. ती शिकार हेरताना हवेत एकाच जागी थांबते. पंख इतके फडफडतात की फोटोत त्यांची धुरकट झालर होते, डोकं मात्र जागच्या जागी. महागड्या कॅमेऱ्याने काढलेल्या देखण्या फोटोत पीस न् पीस मोजता येतं, पण पक्षी खिळ्याने ठोकल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर असे फोटो कॅलेंडरला बरे.

आमच्यातले एक काका फोटो उघडण्याआधी दोन प्रश्न विचारतात. ठिकाण कुठलं? महिना कुठला? नव्याने आलेल्या मुलीने जूनमधल्या एका ठिपक्याला पट्टकदंब म्हटलं, तर काका म्हणाले, “अगं, तो हिवाळी पाहुणा. जूनमध्ये तो हिमालयापलीकडे संसारात असतो. आधी आपलं गावठी बदक नाही ना, ते बघ.” नवख्याला दुर्मीळ पक्षी आधी दिसतो, काकांना नेहमीचा. मर्लिन नावाचं पक्षी ओळखणारं ॲपसुद्धा फोटोबरोबर ठिकाण आणि तारीख विचारतं, तेव्हा काकांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

लबाडीही चालते. एकाने सागाचं वाळकं पान टाकलं आणि निम्म्या मंडळींनी ‘रातवा’ म्हणून शिक्कामोर्तब केलं. त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. रातव्याचा स्वच्छ फोटोही वाळक्या पानासारखाच दिसतो.

हाच खेळ एकदा अमेरिकेत भलताच गंभीर झाला. आयव्हरी-बिल्ड वुडपेकर हा मोठा सुतारपक्षी तिथे १९४४ नंतर सर्वमान्य असा कुणाला दिसलेला नव्हता. २००४ च्या एप्रिलमध्ये आर्कान्साच्या दलदलीत, होडीवर चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यात एक पक्षी उडून जाताना टिपला गेला. जेमतेम चार सेकंद, तेही धूसर. पुढच्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर झालं की पक्षी जिवंत आहे. त्याच्या पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ डेव्हिड सिबली आणि इतरांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की हा नेहमीचा पायलिएटेड वुडपेकर असू शकतो. सगळा वाद पंखाची पांढरी कड पुढची की मागची, यावर. मला सिबलींचं म्हणणं पटतं, पण पटण्यात फारसा अर्थ नाही. त्या चौकोनांत आहे त्याहून जास्त कुणालाच काढता येणार नाही. २०२१ साली तिथल्या सरकारने हा पक्षी नामशेष जाहीर करायचा प्रस्ताव मांडला. २०२३ साली त्याच प्रस्तावातल्या इतर जातींवर निर्णय झाला, याचा लांबणीवर पडला.

आपल्याकडचा रानपिंगळा नशीबवान. १८८४ चा नमुना हा त्याचा शेवटचा भरवशाचा पुरावा होता. संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासून आलेल्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या जवळजवळ नसतात. म्हणजे आमच्या खेळातल्या फोटोत सगळ्यात आधी पुसलं जातं, नेमकं तेच. तिथे ढब, महिना, काका, काहीच कामाला येत नाही. तिथे समोर बसलेला पक्षीच हवा.

म्हणून आम्ही अलीकडे ‘सांगता येत नाही’ या उत्तरालाही गुण देतो. फक्त का सांगता येत नाही, ते सांगावं लागतं. हे सगळ्यात अवघड उत्तर आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करतानाही ‘शिकारी पक्षी, जात अनिश्चित’ किंवा ‘या दोनांपैकी एक’ अशी सोय आहे. यादीत एक आकडा वाढावा म्हणून ठिपक्याला नाव चिकटवू नका. ती सोय वापरा. आणि फोनमधले धूसर फोटो पुसू नका. ठिकाण आणि तारखेसह जपून ठेवा.