कायमचा पावसाळा

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याकडे पोरांना पाटी-पेन्सिलीच्या आधी कळतं. परसात सांडपाण्यावर अळू माजलेलं असायचं. पानाला टिचकी मारली की थेंब घरंगळायचा, पान कोरडं ते कोरडं. सुरण याच कुळातला. गॅलरीच्या ग्रिलवर चढलेला मनीप्लँटही याच कुळातला. आणि याच घराण्यात काही मंडळी अशी निघाली, की त्यांनी पाणी झटकायचं सोडून सरळ बुडी मारली. माझ्या काचेच्या टाकीतली निम्मी वस्ती त्यांची आहे. एक श्रीलंकेची क्रिप्टोकोरीन वेंडटी, तपकिरी-हिरव्या, कडांना चुण्या पडलेल्या पानांची. दुसरी पश्चिम आफ्रिकेकडची अनुबियास, जिचं पान इतकं चिवट की गोगलगायीही तिचा नाद सोडतात.

टाकी मोठी नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, उंची फुटाहून थोडी जास्त. काठोकाठ भरली तर ६५ लिटर पाणी मावतं, पण माती, वाळू, दगड धरून वजन ८० किलोच्या पुढे जातं, तेव्हा ती कुठल्याही टीपॉयवर ठेवायची गोष्ट नाही. घरी येणारा प्रत्येक जण आधी मासे शोधतो. सासूबाई तर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “अगं, एवढं पाणी भरलंस, आणि मासे कुठायत?” मासे आहेत. पण ते भाडेकरू. घर झाडांचं आहे.

दुकानातून आणलेलं पाणझाड बहुतेक वेळा पाण्यात वाढलेलंच नसतं. रोपवाटिकेत त्याला ओल्या मातीत मुळं आणि दमट हवेत पानं, असं ठेवतात. हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, त्यामुळे वाढ भराभर होते आणि शेवाळाची कटकट नसते. मग ते रोप आपण टाकीत लावतो आणि त्याच्यावर एका रात्रीत पूर येतो. हवेतल्या पानाला मेणाचा थर असतो, श्वासाची रंध्रं असतात, पाण्याखाली या सगळ्याचा काही उपयोग नाही. पाण्यात वायू पसरायचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. तिथे पान हवं पातळ, बिनमेणाचं, सगळ्या अंगाने पिणारं. जुन्या पानाची डागडुजी करण्यापेक्षा झाड ते टाकून देतं आणि नवं घडवतं. रोटाला ही पाणवनस्पती हे काम सावकाश करते, खालची पानं गाळत, वर वेगळ्याच आकाराची काढत. क्रिप्टोकोरीनला एवढा धीर नाही. लावल्यापासून चार-आठ दिवसांत तिची पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मऊ पडतात आणि विरघळतात. वाळूवर शिल्लक राहतो नुसता बुडखा.

दुकानदाराने आधीच बजावलं होतं, “ताई, मेलं म्हणून उपटू नका. मुळं जिवंत असतात.” असतात खरी. दोन-तीन आठवड्यांनी त्या बुडख्यातून सुईएवढी गुंडाळी वर येते, उलगडते, आणि ते पान पाण्यातच जन्मलेलं असतं. पाण्याखालच्या बागकामातला माझ्या मते हाच सगळ्यात देखणा काळ. भरगच्च टाकीची छायाचित्रं सगळे काढतात, या गुंडाळीचं कोणी काढत नाही.

या झाडाला दोन जन्म का लागतात, ते कळलं सिंधुदुर्गात. डिसेंबरात एका नदीच्या पात्रात उतरले होते. पावसाळ्यात जिथे पुरुषभर पाणी लोंढ्याने वाहत असेल, तिथे आता गोटे, वाळू आणि मधून घोट्याएवढी धार. गोट्यांच्या फटीफटीतून गवतासारखे झुबके उभे होते, लांब, चिंचोळी, कडेला लहरी असलेली पानं. ही आपली क्रिप्टोकोरीन, रेट्रोस्पायरॅलिस, सह्याद्रीच्या पश्चिम उताराच्या नद्यांमधली. काही झुबके धारेत बुडालेले, काही उघडे पडलेले. पानांवर गाळाचं पूट चढलेलं. बायका पलीकडे धुणं धूत होत्या, साबणाचा फेस या पानांवरून वाहत खाली जात होता. रचना म्हणावी असं तिथे काही नव्हतं आणि तरी मी बराच वेळ तिथून हलले नाही. या झाडाचं पंचांग सरळ आहे. पाऊस पडला की बुडायचं, मुळांनी खडक धरून लोंढा सोसायचा, नुसती पानं वाढवायची. पाणी ओसरलं की डोकं वर काढायचं आणि फुलायचं. फूल पाण्याबाहेर, किड्यांच्या वाटेवर. पूर आणि उघडीप, दोन्ही मिळून त्याचं एक वर्ष होतं.

झुबका उपटून पिशवीत घालायचा मोह झाला नाही असं नाही. पण नदीतलं नदीत राहू द्यावं. दुकानात जे मिळतं ते पुष्कळ आहे.

घरी येऊन टाकीकडे पाहिलं आणि वाटलं, इथे उघडीप नाहीच. वर्षाचे बारा महिने आषाढ-श्रावण. आपण सुंदर म्हणतो ते या झाडाचं अर्धंच आयुष्य.

पाण्याखालच्या बागेला आज जे रूप आहे, ते बरंचसं ताकाशी अमानो या जपानी माणसाचं. निगाताचा, १९५४चा जन्म, तरुणपणी पेशाने सायकलस्वार, पुढे छायाचित्रकार. ॲमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिका असा कॅमेरे घेऊन हिंडला. १९८२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि टाकीत माशांऐवजी निसर्गदृश्य मांडायला सुरुवात केली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून झाडांना खाऊ घालायची पद्धत त्याने घरोघरी पोचवली, शेवाळ फस्त करणारी एक छोटी कोळंबी त्याच्या नावाने जगभर विकली जाते. त्याच्या इवागुमी प्रकारात नुसते दगड आणि हिरवळ. दगड विषम संख्येत, एक थोरला, किंचित कललेला, बाकीचे त्याचा मान राखून. लिस्बनच्या ओशनारियममध्ये त्याने ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी मांडली. ती २०१५च्या एप्रिलमध्ये उघडली आणि ऑगस्टमध्ये तो गेला.

अमानोच्या टाक्या बघताना माझा श्वास अडतो. पण त्या बघून जे पीक आलंय, त्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. स्पर्धेच्या टाक्यांमधून हल्ली पाण्याखाली डोंगररांगा असतात, लाकडाच्या फांद्यांना शेवाळ बांधून केलेले वृक्ष असतात, वाळूचा धबधबासुद्धा असतो. मासे त्या वृक्षांवरून पाखरांसारखे जातात. कौशल्य वादातीत. पण पाणी तिथे नसल्यासारखंच वाटतं. मला पाण्याखाली पाणीच हवं. नदीवरून आल्यावर मी थोरला दगड कलता ठेवायचा नाद सोडला आणि गोटे आडवे, प्रवाहाने लोटून आणल्यासारखे टाकले.

दगडांच्या बाबतीत दख्खनचा माणूस नशीबवान आहे. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. चुनखडी किंवा संगमरवर टाकला तर तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो. मात्र काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक असतील तर ते गारगोटीचे की कॅल्साइटचे, हे बघावं. ॲसिडचा थेंब टाकला आणि फेस आला, तर तो दगड फुलझाडांच्या कुंडीत ठेवायचा. पाण्याचं पुण्यात बरं आहे, खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं हलकं. बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं किंवा क्लोरीन मारायला हायपोचे चार थेंब टाकायचे, झालं. मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की बोअरचं जड पाणी येतं, काचेवर पाण्याच्या रेघेला पांढरा क्षार धरतो, आणि त्याच सुमारास उकाडाही असतो. पाणी २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं, ३० अंशांना साडेसातच. मग टाकीच्या तोंडावर छोटा पंखा तिरका लावते. वाफ होऊन पाणी दोन-तीन अंश उतरतं. दिवे गेले की पंखाही बंद आणि फिल्टरही, तेव्हा मग ओंजळीने, नाही तर भांड्याने पाणी वर-खाली करत बसायचं. टाकीच्या कायमच्या पावसाळ्यात आमचा उन्हाळा असा घुसतो.

खताचा आणि वायूच्या सिलिंडरचा मार्ग मी घेतला नाही. डायना वॉलस्टॅड यांचं पाण्यातल्या झाडांच्या परिसंस्थेवरचं पुस्तक १९९९चं. तळाशी बागेतली साधी माती, वर वाळू, आणि बाकी मातीतल्या जिवाणूंवर सोडा, ही त्यांची रीत. कुजणाऱ्या मातीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तोच झाडांना. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, थोडा जिवाणू खातात आणि नायट्रेट करतात, बराचसा झाडंच परस्पर उचलतात. वाढ हळू होते. होऊ दे.

प्रकाश मात्र हात आखडूनच द्यावा लागतो. टायमरवर सहा-सात तास, बस. झाडांना अन्न कमी आणि उजेड जास्त मिळाला की तो उरलेला उजेड शेवाळ खातं. नवी टाकी पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी साय धरते, ती डायटमची, आपोआप जाते. मग हिरवे ठिपके येतात, मग धागे. चांगली जमलेली टाकी दुपारी दोनच्या सुमाराला ओळखू येते. पाणी प्राणवायूने तुडुंब झालं की पानांच्या कडांवर बारीक मोती धरतात आणि एकेक सुटून वर जातात.

गोगलगायींना लोक नावं ठेवतात, मारायची औषधंही घालतात. मला हे पटत नाही. घरातल्या टाकीची ही सगळी हौस ज्या प्रयोगांतून वाढली, त्यातल्या एकात गोगलगाय पहिल्यापासून हजर आहे. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली. मासे आणि झाड एकमेकांना पोसतील हा त्याचा हिशेब बरोबर होता, पण झाडाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं. त्याने पाणगोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं खाल्लं आणि पात्र निवळलं. माझ्याकडच्या तर मी आणल्याही नव्हत्या, रोपाला चिकटून आल्या. त्यांची संख्या फार वाढली तर आपण माशांना जास्त खायला घालतोय, एवढा त्यातून अर्थ काढायचा.

मासे म्हणजे पट्टेरी झेब्रा डॅनियोंचा एक छोटा थवा. आपल्याच उपखंडाच्या ओढ्यांतले, गरम पाणी सोसणारे, सतत कुठेतरी उशीर झाल्यासारखे पळणारे. जगभरच्या प्रयोगशाळांतून यांच्यावर संशोधन चालतं. आमच्याकडे ते नुसते पळतात.

रविवारी नळी लावून पाव टाकी पाणी काढते. ते कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जातं, आणि मोगरा त्याची परतफेड करतो. मग लांब कात्री. रोटाला पृष्ठभागाला टेकली की शेंडे छाटायचे आणि तेच शेंडे चिमट्याने पुन्हा वाळूत खोचायचे. उरलेलं ओळखीच्यांना. नदीत किंवा विहिरीत मात्र एक काडीसुद्धा टाकायची नाही. मुळा-मुठेवर जलपर्णीचं जे हिरवं झाकण पसरतं, तीसुद्धा एके काळी कुणीतरी फुलांसाठी दुसऱ्या खंडातून आणलेली.

क्रिप्टोकोरीन वाळूखालून तिरके फुटवे सोडते आणि भलतीकडेच डोकं वर काढते. असं एक पिल्लू मी कापून वेगळं केलं आणि प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत, तळाला चिखल करून, लावलं. पाणी मुळांपुरतं. झाकण लावून बरणी गॅलरीत, सावलीत. त्याची पाण्यातली पानं गेली, त्यानंतर आली ती आखूड, ताठ, खडबडीत, ओळख पटू नये अशी. पुढे कित्येक महिने काहीच नाही. आणि मग पानांच्या बगलेतून चार बोटं लांबीची एक नळी वर आली. टोकाला जांभळट-तपकिरी, पिळवटलेली, एखादी वाळकी पट्टी चिकटून राहावी तशी. सासूबाई म्हणाल्या, “ते सडलेलं काढून टाक.” म्हटलं, “आई, ते फूल आहे.” त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

खरी फुलं त्या नळीच्या तळाशी, मातीलगतच्या फुगीर कोठडीत असतात. मादी फुलं खाली, नर वर. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीतून आत उतरते आणि अडकते. नर फुलांचा पराग सुटेपर्यंत तिला तिथेच बसवून ठेवलं जातं, मगच सुटका. एकाच फुलावर बी धरेल अशी आशा नव्हती, पण एवढा सगळा बंदोबस्त करून बसलेल्या झाडाकडे पाहुणा तरी जायला हवा. बरणीचं झाकण दोन बोटं सरकवून ठेवलं. स्वयंपाकघरात वेलची केळ्यांचा घड टांगलेला होता, तेव्हा चिलटांना तोटा नव्हता.