तीन नंबरची वायर

आमच्या घरी एक म्हातारी मोटार आहे. १९८० सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आण्णांनी ती जुनीच घेतली होती. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत हयात घालवलेला हा माणूस रविवारी सकाळी बॉनेटखाली डोके घाली, ते जेवणाच्या हाकेलाच बाहेर काढी. आण्णा गेले, गाडी राहिली. मुंबईतली नोंदणीची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा दोघातिघांनी मला फोन करून सांत्वन केले. जणू आमच्याच घरी काही झाले होते. आमची मात्र बदलापूर ते उल्हासनगर अजून धावते.

गेल्या श्रावणात तिने एक नवीनच खोड काढली. सपाटीवर ठीक चाले. पण रेल्वेवरचा पूल चढू लागली की आचके देई. चौघांनी पालखी उचलावी आणि चढणीवर एकाने मधूनच खांदा काढून घ्यावा, तशी तिची गत होई. गॅरेजातली माणसे याला 'मिसिंग' म्हणतात. एखाद्या सिलिंडरात पेट्रोल आणि हवा येतात, दाबली जातात, पण पेटत नाहीत.

कारण मला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते. महिन्यापूर्वीच उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या मिस्त्रींनी गाडीत फेरफार केला होता. ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने पॉइंट काढून त्यांनी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली होती, कॉइल अधिक जोरकस घातली होती आणि प्लगांच्या फटी थोड्या वाढवल्या होत्या. गाडी चांगली पळू लागली होती, हे खरे. पण डबी उल्हासनगरची! फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि त्या माणसांनी शून्यातून बाजार उभा केला. आम्ही आजूबाजूच्या गावकऱ्यांनी काय केले? 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद केला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो चघळला.

तोच विनोद मी त्या दिवशी मिस्त्रींच्या तोंडावर केला. "दादा, डबी कुठली घातलीत? यूएसएची का?" दोन गिऱ्हाइके बाकावर बसली होती. ती मोठ्याने हसली.

मिस्त्री हसले नाहीत. ते साठीच्या पुढचे, कॅम्पातच जन्मलेले. बॉनेट उघडून क्षणभर आत पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, माझ्यानंतर कुणी हात लावला याला?"

"छे!" मी म्हणालो.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. गाडी जागेवर चालू ठेवून जाड फडक्याने एकेका प्लगची वायर क्षणभर उचलली. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज पडला. म्हणजे चौघेही हजर होते. मग मला एक चक्कर मारून यायला सांगितले. आल्यावर प्लग काढले. तिघांचे तोंड विटकरी, तिसऱ्याचे काळे आणि ओले. तिसरा प्लग चौथ्याच्या जागी आणि चौथा तिसऱ्याच्या जागी लावून पुन्हा चक्कर. पुन्हा तिसऱ्याच घरातला काळा! म्हणजे प्लग निर्दोष. गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब पाहिला; जवळजवळ सारखा. म्हणजे व्हॉल्व्ह आणि गॅस्केट निर्दोष. डबीत दोष असता तर एकटा तिसराच कसा उपाशी राहिला असता? हा प्रश्न खरे तर मलाच सुचायला हवा होता.

"आता अंधार पडू द्या," मिस्त्री म्हणाले.

चहा झाला. गिऱ्हाइके निघून गेली. दिवेलागणीला त्यांनी दुकानातला दिवा मालवला. पोऱ्याला गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगितला, गिअर टाकून क्लच अर्धवट सोडायला लावला, म्हणजे इंजिनावर ओझे आले. मग वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीच्या अंगातून निळा धागा लपकन निघाला आणि खालच्या लोखंडात शिरला. चट्‌ चट्‌ चट्‌. त्या अंधारात तो फार सुंदर दिसला, हेही सांगितले पाहिजे.

ओझे आले की सिलिंडरातला दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून उडी मारायला विजेला अधिक जोर लागतो. वायरीचे आवरण तडकलेले असेल तर ती फटीच्या वाटेला जातच नाही; जवळची वाट धरते.

एक गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली नव्हती आणि वाचकहो, तुम्हांलाही सांगितलेली नाही. त्यांनी डबीबरोबर वायरीही नव्या घातल्या होत्या. काळ्या, कोऱ्या. त्या काढून मी आण्णांच्या जुन्या वायरी परत लावल्या होत्या. आण्णांनी त्यांच्यावर लाल रंगाने आपल्या हाताने आकडे घातले होते. ठिणगी पडते त्या क्रमाने ते मला आकडे म्हणायला लावत, त्यामुळे शाळेत जाण्यापूर्वी मी एक, तीन, चार, दोन असेच मोजत असे. जुन्या पॉइंटांच्या बेताच्या ठिणगीला त्या वायरी पुरत होत्या. नव्या कॉइलचा जोर आणि वाढलेल्या फटी त्यांना झेपल्या नाहीत.

"दादा, त्या वायरी मी घातल्या," मी म्हणालो.

"दिसले. बॉनेट उघडले तेव्हाच. लाल आकडे आहेत ना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलेत?"

"तुम्ही ऐकून घेतले असते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माफीचा शब्द ओठांवर आला. तो मी बोललोही. पण विनोद ज्यांच्यासमोर केला होता ती दोन माणसे केव्हाच निघून गेली होती. त्यांना गाठून सांगणार कोण?

नव्या वायरी डिकीत खोक्यातच होत्या. मिस्त्रींनी त्या लावल्या, जुन्या चार गुंडाळून वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिल्या आणि पूर्ण दिवसाची मजुरी सांगितली. मी मोजून दिली. मग त्यांनी कपाटातून लाल रंगाची डबी काढली.

"चित्रकला शिकवता ना शाळेत? मग आकडे घाला."

काडी रंगात बुडवून विजेरीच्या उजेडात मी आकडे घातले. एक, तीन, चार, दोन. तीनचे शेपूट आण्णांसारखे काही वळले नाही.