हशा उतरताना

हशा पिकवणं मला विशीतच जमलं. हशा उतरायला लागल्यावर पुढचं वाक्य नेमकं कधी टाकायचं, हे मात्र अजून पुरतं हाती आलेलं नाही. आता कान जायला लागले, आणि जेवढं आलं होतं तेही नव्याने शिकायची पाळी आली आहे.

एकपात्री करणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको. हशा पूर्ण विरू दिला तर सभागृह थंड पडतं. घाई केली तर वाक्य हशाखाली जातं, आणि त्यात पुढच्या जागेची पेरणी असेल तर ती जागाही जाते. म्हणून आम्ही वाक्याच्या तोंडाशी एखादा फुकट जाणारा शब्द ठेवतो. 'तर', 'मग काय', 'असो'. तो बुडाला तरी चालतं. लोक सावध होतात आणि खरं वाक्य स्वच्छ पोचतं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात खालच्या रांगा आधी हसतात, बाल्कनी किंचित मागून येते, तिथे असे दोन शब्द लागतात. गणपतीत मंडळाच्या मांडवाला भिंती नसतात, हशा वरच्या वर निघून जातो, तिथे थांबायची सोयच नाही. आमच्या शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर एकही फुकट शब्द लागत नाही, इतके लोक जवळ असतात. हे सगळं मी कानाने मोजत आलो. घड्याळाने ते मोजता येत नाही. रविवारी दुपारी जेवून आलेल्या माणसांचा हशा आणि शनिवारी रात्रीचा हशा वेगवेगळ्या गतीने उतरतो.

वयाने ऐकू कमी येऊ लागतं ते उंच पट्टीपासून. त्यामुळे माझ्याकडून आधी गेलं ते मुलींचं आणि लहान मुलांचं हसू. पुरुषांचं, पोटातून येणारं, अजून येतं. बायको विंगेत बसते. एका प्रयोगानंतर ती म्हणाली, "अहो, मागच्या पोरी केवढ्या हसत होत्या, तुम्ही थांबला का नाहीत?" मला त्या मुली ऐकूच आल्या नव्हत्या. माझ्या लेखी तो हशा केव्हाच संपला होता.

मग यंत्र आलं. कान तपासणाऱ्या बाईंनी फार नीट समजावलं. हे यंत्र बारीक आवाज वर उचलतं, मोठा आवाज दाबतं, म्हणजे कानाला त्रास होत नाही. समोरच्या माणसाचं बोलणं शोधून काढतं आणि बाकीचा गोंगाट मागे ढकलतं. सभागृहातलं हसू त्याच्या हिशेबात गोंगाटातच जमा होतं. तोंडातल्या तोंडात हसणं आणि सभागृह डोक्यावर घेणं, दोन्ही मला साधारण एकाच मापाने ऐकू येऊ लागलं. बाईंनी रंगमंचासाठी वेगळी जोडणी करून दिली, गोंगाट कमी करण्याची सोय त्यात बंद ठेवली. फरक पडला. तरी हशाची शेपटी, ती जिथे पातळ होत जाते तो भाग, हाती लागत नाही.

मला टीव्हीची आठवण झाली ती यामुळे. सगळे हशे एका मापाचे असलेली जागा मी आधी पाहिली होती.

2005 साली 'स्टार वन'वर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' झालं. आपल्या हिंगणघाटचा सुनील पाल ते जिंकला, आणि मंडळांच्या कार्यक्रमांतून, स्नेहसंमेलनांतून फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे वाहिन्यांचं लक्ष गेलं. पुढे 2010 मध्ये 'फू बाई फू', 2014 मध्ये 'चला हवा येऊ द्या', 2018 मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. त्या लाटेत मीही एका वाहिनीवर काही वर्षं होतो. प्रेक्षक असत, नाही असं नाही. पण त्यांचं हसणं वेगळं टिपलं जाई आणि संकलनाच्या टेबलावर हवं तिथे बसवलं जाई. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने 1950 च्या दशकात साठवलेल्या हशांची पेटीच बनवली होती. कळ दाबली की हशा. आमच्याकडे पेटी नव्हती, पद्धत तीच होती. ज्या अर्ध्या क्षणासाठी मी आयुष्य घातलं, तो क्षण एका तरुण संकलकाने माझ्यासमोर कापला. 'तर' काढून टाकला. वाक्य वाक्याला चिकटलं. त्याचं काम त्याने चोख केलं होतं, कार्यक्रमाला वेळेचं बंधन होतं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आणि तरीही मला टीव्ही आवडला. हे मी लपवणार नाही. ओंकारेश्वराजवळच्या घरातून निघून मुद्दाम अप्पा बळवंत चौकातून जायचो. जूनमध्ये तिथे शाळेची पुस्तकं घ्यायला आलेल्या आईबापांची गर्दी असते, त्यात कुणीतरी हमखास ओळखायचं. रंगमंचावर वीस वर्षं जे मिळालं नव्हतं ते एका हंगामात मिळालं, आणि मला ते हवं होतं. बरोबरीचा कुणी माझ्याआधी ओळखला गेला तर संध्याकाळ जड जायची. अजूनही जाते. यंत्र निवडतानाही हेच आड आलं. कानामागे बसणारं यंत्र माझ्या कानाला अधिक चांगलं, असं बाई म्हणत होत्या. मी आत बसणारं, न दिसणारं घेतलं.

हशा उतरताना बोलायचं कधी, हा पेच आमच्या आधीच्यांनी कसा सोडवला, हे मी पुन्हा पुन्हा पाहत बसतो. पु. ल. देशपांडे 1959 मध्ये दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हाच तिथे होते, आणि 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर आले ते त्यानंतर. कॅमेरा आधी पाहून झालेला हा माणूस हशाला कधी घाबरला नाही. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका. हशा चालू असताना ते आवाज चढवत नाहीत, पुढचं वाक्य खालच्या आवाजात सुरू करतात आणि लोक ऐकण्यासाठी स्वतःच गप्प होतात. माझ्या मते मराठीत याहून धीट काही झालं नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 पात्रं करत. एका पात्रातून दुसऱ्यात जाताना मान, खांदे, उभं राहणं बदलतं. तेवढ्यात हशा उतरायला वेळ मिळतो. राम नगरकर 'रामनगरी'त आपलंच आयुष्य सांगत, शेजारी बसून बोलल्यासारखं. त्यांना फुकट शब्दांची गरजच पडत नसावी, कारण त्यांचं सगळं बोलणंच तसं सैल, घरगुती होतं.

आजच्यांपैकी भाऊ कदम टीव्हीवरही थांबतात. चेहरा हलवत नाहीत, आणि संकलकाला त्यांचा थांबा कापता येत नाही कारण त्या थांब्यातच हशा असतो. हे मला कधी जमलं नाही. बाकी स्किटमध्ये पुरुषाला लुगडं नेसवून आणलं की हशा येतो हे खरं आहे, पण तो लुगड्याला येतो, वाक्याला येत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात लुगडं अधिक भडक करावं लागतं. 'भाडिपा'सारख्या यूट्यूब वाहिन्यांमुळे हातात माईक धरून उभी राहणारी नवी मुलं आली. त्यांचे कान तयार आहेत, माझ्या वयात मला हेवा वाटावा इतके. त्यांतले काही जण माझ्या 'तर'च्या जागी शिवी ठेवतात. शिवीवर माणूस दचकून हसतो. दचकल्याचा हशा एकदम तुटतो, उतरत नाही. उतरणारा हशा ज्याने ऐकला नाही, त्याला तीन तास लोकांना बसवून ठेवता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

सध्या मी डोळ्यांनी शिकतो आहे. माणूस हसताना मागे जातो. खांदे हलतात, एखादी बाई शेजारणीच्या हातावर हात ठेवते. मग डोकी पुन्हा पुढे येतात, आणि तीच माझी वेळ. सगळी डोकी एकदम येत नाहीत. निम्मी आली की सुरू करायचं, की पाऊण? कानाला हे विचारावं लागत नसे. डोळ्याला विचारावं लागतं, आणि विचारण्यात क्षण जातो. तालमीत हे शिकता येत नाही, कारण रिकाम्या खुर्च्या मागे जात नाहीत.

यासाठी प्रेक्षागृहातले दिवे मी पूर्ण मालवू देत नाही. प्रकाशयोजना करणाऱ्या मित्रांना ते गावठी वाटतं. वाटो. मोठ्या नाट्यगृहांच्या तारखा मी घेणं थांबवलं आहे, कारण बाल्कनीतली डोकी मला दिसत नाहीत. सुदर्शनला शेवटच्या रांगेतला माणूसही दिसतो.

एकच विनंती आहे. पुण्यात पुढची रांग पाहुण्यांसाठी सोडून मागे बसायची सवय आहे. एकपात्रीला याल तेव्हा पुढे बसा, आणि हसू आलं तर रुमालात दाबू नका.