कावळा बसायला

इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिसचं पॅलेस्टिनी निर्वासितांवरचं पुस्तक खाली ठेवलं की दुसऱ्या इस्रायली इतिहासकाराचं, इलान पापेचं, हातात घ्यावंसं वाटतं, आणि पापे संपला की पुन्हा मॉरिस. तीन आठवडे हेच चाललंय. आणि दोघांच्या मधे सारखी माझी आजी येऊन बसते. तिचा पॅलेस्टाइनशी काडीचा संबंध नव्हता. पण मॉरिसने १९८८ मध्ये जे काही शे पानांत मांडलं, ते ती परसदारी उभी राहून एका दमात म्हणायची: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

३० नोव्हेंबर १९४७ ते १४ मे १९४८. या साडेपाच महिन्यांना इतिहासकार गृहयुद्ध म्हणतात. (तसं म्हणायला आधी गृह एकच होतं हे कबूल करावं लागतं, तिथेच निम्मे लोक उठून जातात.) त्याने आणि त्यापाठोपाठ पेटलेल्या मोठ्या युद्धाने मिळून सात लाखांच्या आसपास अरब माणसं बेघर केली, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास अरब सैन्यं सीमेवरून आत येण्याआधीच निघालेली होती. का निघाली? मॉरिस म्हणतो, आधी ठरवून काही झालं नाही, युद्धातून ते घडत गेलं. पापे हगाना या ज्यू लष्करी संघटनेची १० मार्च १९४८ ची ‘प्लॅन दालेत’ ही योजना पुढे करतो आणि म्हणतो, कावळ्याच्या चोचीत करवत होती.

हैफाचंच घ्या. २२ एप्रिलला नगरभवनात बैठक झाली. ज्यू महापौर शबताई लेवी यांनी अरब पुढाऱ्यांना विनवलं, जाऊ नका. पुढाऱ्यांनी थोडा वेळ मागून घेतला, परत आले आणि म्हणाले, आमच्या लोकांना बाहेर काढायला मदत करा. ब्रिटिश सेनापती स्टॉकवेल समोर होते, त्यामुळे हे कुणी नाकारत नाही. त्याच दिवशी बंदराजवळच्या बाजारातल्या गर्दीवर हगानाच्या उखळी तोफांचे गोळे पडले आणि माणसं होड्यांकडे धावत सुटली. हेही कुणी नाकारत नाही. एक पुस्तक परिच्छेद महापौरांपासून सुरू करतं, दुसरं बाजारापासून. सत्तर हजारांच्या घरातल्या वस्तीतले काही हजार उरले, हा आकडा दोघांत सारखाच.

पण मला त्या म्हणीपाशी थांबायचंय. म्हणीत कावळाच का? गिधाड का नाही, घार का नाही? कारण कावळा हलका. सगळी सुटका त्याच्या वजनावर आहे. एवढ्याशा पाखराने कुठे फांदी तुटते! म्हणजे फांदी आधीच पोखरलेली होती, हे न बोलता गृहीत धरलेलं. मॉरिसही तसंच दाखवतो: १९३६ ते ३९ च्या उठावात ब्रिटिशांनी पॅलेस्टिनी समाजाचं कंबरडं मोडलं होतं, पुढारी परागंदा झाले होते, आणि सुखवस्तू घरं १९४७-४८ च्या हिवाळ्यातच कुलपं लावून बैरूत-कैरोला गेली होती. पापेला हे माहीत नाही असं थोडंच आहे? पण पोकळ फांदी तुटली म्हणून कावळा सुटतो का, आणि पोकळ केली कुणी, हे म्हण विचारत नाही. आणि एक. ही म्हण मी आजवर कधी फांदीच्या बाजूच्या माणसाकडून ऐकलेली नाही. ती नेहमी कावळ्याच्या घरातून येते.

आमच्या परसात शेवगा होता. शेवग्यावर चढू नये, त्याचं लाकूड ठिसूळ, हे पोराटोरांना माहीत असतं. तरी शेजारचा मुलगा शेंगांसाठी चढला. खाली माझा दादा. फांदी मोडली, मुलाचा डावा हात कोपरात मोडला. आजी म्हणाली ते वर आलंच आहे. त्यावर शेजारच्या काकू कुंपणापलीकडून शांतपणे म्हणाल्या, “आजी, कावळ्याला ओरडून उडवलं कुणी ते विचारा.” दादा खालून ‘अण्णा आले, अण्णा आले’ असं ओरडला होता की नाही, यावर दोन घरांत चाळीस वर्षं धुमसतंय.

मी तिथे होते. बुंध्यावर टेकलेला दादाचा तळवा मला दिसतो, तो ओरडला नव्हता, झाड हलवत होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आणि आई म्हणते, त्या आठवड्यात तू मामाकडे होतीस, गोवर होता तुला. तिच्याकडे मामाचं पोस्टकार्ड आहे, तारखेसकट.

मॉरिस पोस्टकार्डवाला. एवढ्या वर्षांनंतरच्या आठवणींवर भरवसा नको, कागद हवा, असा त्याचा बाणा. पापे म्हणणार, कागद कुणाच्या कपाटात होते ते पाहा, आणि ज्यांच्याकडे कपाटच राहिलं नाही त्यांचं ऐका. मला वाटलं होतं मी पापेच्या बाजूची आहे, पण ते पोस्टकार्ड पाहिलं तेव्हा माझा तळवा, म्हणजे दादाचा, एकदम पुसट झाला. बरं, कागद तरी निकाल लावतात का? २००४ मध्ये मॉरिसने नव्याने खुल्या झालेल्या कागदांवरून पुस्तक वाढवून काढलं. ज्यूंनी हाकलल्याच्या आणि कत्तलींच्या नोंदी वाढल्या. अरब पुढाऱ्यांनी बायकामुलांना गावं सोडायला सांगितल्याच्या नोंदीही वाढल्या. दोन्ही पारडी जड झाली, काटा जिथल्या तिथे.

आपण लांबून बोलतो, असं वाटतं खरं. पण लोद आणि रामला ही गावं जुलै १९४८ मध्ये, गृहयुद्ध सरून मोठं युद्ध पेटल्यावर, रिकामी केली गेली. पुढे कोकणातून गेलेली बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं तिथेही वसली. त्या गल्ल्यांतून मराठी बोललं गेलं. ते लोक कावळा नव्हते, फांदीही नव्हते. म्हणीत त्यांना जागाच नाही, आणि म्हण ताणून बसवू गेले तर ती माझ्याच हातात मोडेल.

परवा न राहवून दादाला फोन केला. म्हटलं, खरं सांग, ओरडलास की हलवलंस? तो खूप वेळ गप्प. मग म्हणाला, “शेवगा कुठला? पेरू होता तो.”

गेल्या मे महिन्यात त्या शेजारच्या मुलाच्या मुलीचं लग्न झालं. अक्षता टाकताना पाहिलं, त्याचा डावा हात कोपरात अजूनही पुरता सरळ होत नाही.