माँटोनेच्या सूर्यघड्याळावरचं नाव

चोपडा, जि. जळगाव

प्रिय भाचेबाई,



तू माँटोनेहून पाठवलेला फोटो ताईने मला पुढे पाठवला, आणि त्याखालचा तुझा प्रश्नही. इटलीतल्या डोंगरावरच्या गावात सूर्यघड्याळ काय, त्यावर आपल्याकडचं घाडगे हे आडनाव काय, आणि इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या माणसाला आपण हुतात्मा म्हणायचं की नाही? फोनवर हा विषय निघाला असता तर तुझे पप्पा मध्ये पडले असते आणि मग सगळेच बोलले असते. म्हणून कागद घेतला.

फोटो आजीला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला, नाव माझ्याकडून वाचून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोना पोऱ्या शे हाऊ?" तिचा प्रश्न तुझ्या प्रश्नाच्या आधीचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातला, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा त्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. जन्म नोव्हेंबर 1921 चा. कोकणात त्या काळी भाताचं पीक घरात आलं की पुढे हाताला काम नसे. मग घरटी कोणीतरी मुंबईच्या गिरणीत, नाहीतर पलटणीत, आणि महिन्याच्या मनिऑर्डरीवर घर चालायचं. यशवंत पलटणीत गेला. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिची तिसरी बटालियन. हुद्दा नाईक, म्हणजे बाहीवर दोन फिती आणि हाताखाली एक सेक्शन, पाचदहा जवानांची. मी त्याला अरे-तुरे करतोय ते मुद्दाम. गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, तुझ्यापेक्षाही लहान.

1944 च्या उन्हाळ्यात रोम पडलं आणि जर्मन सैन्य लढत लढत उत्तरेकडे सरकत होतं. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे तू जिथे उभी राहून फोटो काढलास त्याच भागात, प्रत्येक टेकडीवर त्यांनी मशीनगनी बसवल्या होत्या. 10 जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीने अशाच एका ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतची सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. काही क्षणांत त्याची सगळी माणसं पडली, काही ठार, काही जखमी. उभा राहिला तो एकटाच. मागे कोणी येणार नाही हे त्याला दिसत होतं. तरी तो सरळ गनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने गन आणि गन चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात, पण तेवढेही नव्हते. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं हातात आलं आणि दडून बसलेल्या नेमबाजांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या ठाण्यातच तो गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रज सरकारचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

ही सगळी हकिकत पदकाच्या अधिकृत नोंदीतली आहे. मला ती वाचताना दर वेळी थोडं चुकल्यासारखं होतं. कोणी किती मारले याचा तो हिशेब आहे, आणि सरकारी कागदाला तेवढंच जमतं. माझं मन अडकतं ते मधल्या त्या क्षणात, जेव्हा त्याने मागे वळून पाहिलं असेल आणि रोज एका ताटात जेवणारी पोरं जमिनीवर पडलेली दिसली असतील. त्या मशीनगनवरचे चौघेही कोणाची तरी पोरंच होती. आजीने त्यांचंही नाव-गाव विचारलं असतं.

आता सूर्यघड्याळ. ते अलीकडचं आहे. माँटोनेची नगरपालिका आणि इटलीतले काही युद्ध-अभ्यासक यांनी मिळून जुलै 2023 मध्ये ते उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो असा आहे. इटालियन लोकांनी हे करावं यात एक गंमत आहे बघ. याच तिसऱ्या बटालियनने 1941 मध्ये एरिट्रियात, केरेनच्या डोंगरात, इटालियन फौजेशीच झुंज घेतली होती. 1943 च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली, जर्मनांनी देश ताब्यात घेतला, आणि कालचे शत्रू गावं सोडवायला आले. माँटोनेच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत मराठे राहिले ते असे. इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन होत्या, सुमारे 50,000 माणसं. त्यातली 5,782 परत आली नाहीत. तिथे दिलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 आपल्या लोकांचे.

आता तुझा प्रश्न. तो तुला पडला ते मला आवडलं, कारण तू खानदेशातली आहेस. 1942 च्या 9 सप्टेंबरला नंदुरबारला तिरंगा हातात घेतलेल्या शिरीषकुमारला इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, ते शाळेत तुम्हाला शिकवलंच. त्याच्या पुढची गोष्ट मात्र पुस्तकात फारशी नसते. 14 एप्रिल 1944 ला आपल्या शेजारच्या धुळ्याकडे, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिन्याची गाडी लुटली गेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथी खानदेशात आले होते, इथल्या क्रांतिकारकांनी साथ दिली. साडेपाच लाखांचा खजिना चळवळीकडे गेला. तारखा जुळवून बघ. इकडे इंग्रजांचा खजिना लुटला त्याला तीन महिनेही झाले नव्हते, आणि तिकडे माणगावचा पोरगा इंग्रजांच्या वर्दीत टायबरकाठी मेला. दोन्हीकडचे मराठी बोलणारे, दोन्हीकडचे शिवाजी महाराजांचं नाव घेणारे.

मग यातला आपला कोण? माझे काही मित्र म्हणतात, पलटणीतले ते भाडोत्री. मला हे पटत नाही. बापू लाडांना पर्याय दिसला आणि तो निवडायची छाती त्यांच्यात होती, त्याला तोड नाही. पण यशवंतसमोर घरची चूल होती, आणि पुढच्या बाजूला हिटलरचं सैन्य. ते सैन्य हरलं हे जगाच्या दृष्टीने बरंच झालं, हुकूम कोणाचा का असेना. त्याला हुतात्मा म्हण किंवा म्हणू नकोस. स्वातंत्र्यासाठी तो लढला असं मी तरी म्हणणार नाही, उगाच त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं कशाला? पण त्याची आठवण ठेवायला आधी त्याला पास-नापास करायची गरज नाही. माणगावकरांनी त्याचा पुतळा उभारला तेव्हा त्यांनीही एवढी चर्चा केली नसेल. आपला पोरगा, संपलं.

इथेही तेच पाहिलं. 2020 च्या नोव्हेंबरात चाळीसगाव तालुक्यातल्या पिंपळगावचा यश देशमुख श्रीनगरजवळ अतिरेक्यांच्या हल्ल्यात गेला. एकवीस वर्षांचा. कोरोनाचे दिवस, तरी निरोपाला माणसं लोटली. त्यातल्या कितीजणांनी त्याला आधी पाहिलं असेल? कापूस वेचणी सोडून बाया चालत गेल्या असतील, तर त्या कोणत्या धोरणासाठी नाही गेल्या.

हां, एक काम सांगतो. यशवंतचं नाव कॅसिनोच्या युद्धस्मारकावरही कोरलेलं आहे. ज्यांची कबर नाही त्यांची नावं तिथे आहेत. रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या साध्या गाडीने कॅसिनोला उतरता येतं. सुट्टीत गेलीस तर मराठा लाइट इन्फंट्रीची पाटी शोध आणि सगळ्या नावांचा फोटो काढ, त्याच्या एकट्याच्या नको. घाडगे सापडला की खालची-वरची नावं वाच. जाधव, शिंदे, मोरे, कदम अशी गावोगावची माणसं निघतील. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर अक्षरं फुटतात. शाळेतले एक सर इतिहासाच्या तासाला मोठा करून लावणार आहेत.

बाकी ठीक. केळीची मृगबाग लावून झाली, कपाशीची कोळपणी चालू आहे. आजीने विचारलंय की तिकडे केळी कुठून येतात. तेवढं कळव.

तुझा,
मामा