कोशातून पुन्हा पुन्हा उठणारा

अ‍ॅडम वॉरलॉक या मार्व्हल कॉमिक्समधल्या पात्राची गोष्ट वाचायची तर पहिला अंक कुठला, या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. त्याचा जन्म १९६७ मधला, तोही दुसऱ्यांच्या घरात: ‘फँटास्टिक फोर’च्या ६६ आणि ६७ या अंकांत. १९६९ मध्ये तो ‘थॉर’च्या दोन अंकांत डोकावून जातो. १९७२ मध्ये ‘मार्व्हल प्रीमियर’मध्ये त्याला नाव मिळतं, त्याच वर्षी स्वतःची मालिका मिळते आणि आठ अंकांत ती बंद पडते. अर्धी राहिलेली गोष्ट १९७४ मध्ये ‘हल्क’च्या तीन अंकांत पुरी केली जाते. १९७५ मध्ये तो ‘स्ट्रेंज टेल्स’च्या १७८व्या अंकातून परततो, तिथे चार अंक राहतो, आणि मग त्याची स्वतःची मालिका पुन्हा सुरू होते ती थेट नवव्या अंकापासून.

हे सगळं वहीत उतरवून काढलं तेव्हा माझं डोकं चक्रावून गेलं. माझ्या पिढीची चित्रकथांशी ओळख इंद्रजाल कॉमिक्समधून झाली. तिथल्या वेताळाची गोष्ट बहुधा हातातल्या अंकात सुरू व्हायची आणि त्याच अंकात संपायची. इथे एका माणसाचं आयुष्य सहा वेगवेगळ्या नावांच्या अंकांत विखुरलेलं होतं. मी त्याच्याकडे वळले ते २०२३ मधला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’चा तिसरा भाग बघून. त्यात विल पोल्टरने केलेला सोनेरी अंगाचा वॉरलॉक ताकदवान आहे, पण पोरसवदा आहे. सोबत आलेला माझा भाचा वर्षानुवर्षं कॉमिक्स वाचणारा. तो म्हणाला, “मावशी, हा अजून कोवळा आहे. तू जिम स्टार्लिनचा वॉरलॉक वाच. मधूनच वाचायला घे, काही बिघडत नाही.”

म्हणून मी ‘स्ट्रेंज टेल्स’च्या १७८व्या अंकापासून, जिथून स्टार्लिनचं लेखन सुरू होतं, सुरुवात केली. पहिल्याच पानांवर स्फिंक्सर नावाचा एक परग्रहवासी वॉरलॉकचं सगळं गतायुष्य सांगून टाकतो. सात वर्षांत अनेक लेखकांनी रचलेलं ते आयुष्य इतक्या वेगाने समोरून जातं, की पहिल्या वाचनात मला त्यातलं फारसं काही उमगलं नाही. पुढची गोष्ट मात्र लगेच पकडते. एक तरुणी जीव मुठीत धरून पळते आहे. तिला वॉरलॉकला गाठायचं आहे. तो भेटतो, पण तिच्या मागावर असलेले मारेकरी त्याच्यादेखत तिला ठार करतात. ते ‘युनिव्हर्सल चर्च ऑफ ट्रुथ’ नावाच्या पंथाचे लोक असतात. ग्रहामागून ग्रह ताब्यात घेणारा, शरण न येणाऱ्यांना संपवणारा हा पंथ, आणि त्याचा देव म्हणजे मॅगस. वॉरलॉकच्या कपाळावर एक हिरवा मणी आहे, सोल जेम. त्याच्या बळावर तो त्या मुलीचा आत्मा क्षणभर परत बोलावतो आणि मॅगस कोण हे तिला विचारतो. अंकाच्या शेवटी खुद्द मॅगस त्याला दर्शन देतो आणि सांगतो, की तो आणि वॉरलॉक वेगळे नाहीतच. वॉरलॉकच पुढे मॅगस होणार आहे.

इथे मी पूर्ण गोंधळले. नायक कोण, खलनायक कोण? मॅगस हे जर वॉरलॉकचं भविष्य असेल, तर त्याचा पंथ हजारो वर्षं जुना कसा? वॉरलॉकने त्याला मारलं तर मरणार कोण? पुढचे अंक वाचताना थोडा उलगडा झाला. वॉरलॉकला वेड लागणार, तो काळात हजारो वर्षं मागे फेकला जाणार आणि तिथे स्वतःच्या नावाने धर्म उभारणार, असं हे भविष्य आहे. धागा हाती लागला, पण एक प्रश्न राहिलाच: इतकी अवघड कल्पना लेखकाने याच पात्रावर का बेतली? ते समजून घ्यायला मला मागे जावं लागलं.

१९६७ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला जन्माला घातलं तेव्हा त्याला नावही नव्हतं. त्याला ‘हिम’ म्हणत, म्हणजे नुसतं ‘तो’. काही शास्त्रज्ञ एका गुप्त ठिकाणी परिपूर्ण माणूस घडवू पाहतात. त्याच्याकडून त्यांना आपल्या सत्तेची कामं करून घ्यायची असतात. पण त्याच्या तेजापुढे कुणाची नजर ठरत नाही, म्हणून ते अ‍ॅलिशिया मास्टर्स या आंधळ्या शिल्पकार मुलीला तिथे आणतात. जिचे हात चेहरे ओळखतात तिने त्याचं रूप घडवून दाखवावं, ही त्यांची अपेक्षा. तो कोशात असतो. कोश फुटतो, त्यातून सोनेरी माणूस बाहेर पडतो, आपल्याला घडवणाऱ्यांचे हेतू ओळखतो, त्यांचा अड्डा मोडतो आणि निघून जातो. पात्राचा पाया इथेच घातला गेला आहे. त्याला ज्यांनी घडवलं त्यांना तो स्वतःसाठी वापरायचा होता, आणि त्याने नकार दिला.

१९७२ मध्ये रॉय थॉमस आणि चित्रकार गिल केन यांनी त्याला अ‍ॅडम वॉरलॉक हे नाव, लाल पोशाख आणि कपाळावरचा मणी दिला. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेवरून आपल्याला ही कल्पना सुचली असं थॉमस यांनी सांगितलेलं आहे. सूर्याच्या पलीकडच्या बाजूला हाय इव्होल्युशनरी नावाचा शास्त्रज्ञ एक दुसरी पृथ्वी निर्माण करतो. तिच्यात मॅन-बीस्ट नावाचा खलनायक पाप पेरतो, आणि तिला तारायला वॉरलॉक उतरतो. शेवटी ‘हल्क’च्या अंकांत त्याला क्रुसावर चढवतात. तो मरतो, पुन्हा कोशात जातो, पुन्हा उठतो, मॅन-बीस्टचा निकाल लावतो आणि ताऱ्यांकडे निघून जातो. तारणहाराची गोष्ट पूर्ण झाली. वाचक फारसे मिळाले नव्हते, त्यामुळे हे पात्र अडगळीत पडलं असतं तर कुणी चौकशीही केली नसती.

हे वाचल्यावर १७८वा अंक मी पुन्हा उघडला आणि या वेळी तो अगदी वेगळा वाटला. तारणहार आपलं काम करून गेला. त्याच्यामागे काय उरतं? उरतो तो पंथ, देवळं, धर्माधिकारी आणि न मानणाऱ्यांसाठी शिक्षा. आधीच्यांनी जिथे गोष्ट थांबवली नेमकं तिथूनच स्टार्लिनने ती उचलली. जुनं सगळं खोटं होतं म्हणून त्याने पाटी पुसली नाही. क्रूस, कोश, मणी, सगळं खरं धरलं आणि मग विचारलं, की अशा माणसाची लोकांनी पूजा मांडली आणि ती त्याच्या डोक्यात गेली तर? डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, कॅथलिक वळणात वाढलेला, अमेरिकी नौदलात छायाचित्रकार म्हणून आग्नेय आशियात राहून आलेला हा तरुण तेव्हा पंचविशीत होता. थॅनोस हा खलनायक त्याने १९७३ मध्येच ‘आयर्न मॅन’च्या ५५व्या अंकात आणला होता. वॉरलॉकची कथाही त्याची आणि चित्रंही त्याचीच. २५ सेंटांना मिळणाऱ्या अंकात श्रद्धा, सत्ता आणि वेड यांवर असं कुणी लिहीत असेल, याची मला कल्पनाच नव्हती.

मला सगळ्यात जास्त भिडला तो ‘स्ट्रेंज टेल्स’चा १८१वा अंक. पंथाची मेट्रिआर्क, म्हणजे प्रमुख स्त्री, वॉरलॉकला पकडून त्याचं मन धुऊन काढायला बसवते. त्याच्या मनात जे जग उभं राहतं ते विदूषकांचं आहे. सगळ्यांचे चेहरे एकसारखे रंगवलेले. एक विदूषक त्याला हिंडवून सगळं दाखवत असतो. वॉरलॉकचा चेहराही ते त्याच रंगात रंगवू पाहतात. एका ठिकाणी विदूषकांची झुंडच्या झुंड कचऱ्याचा मनोरा रचते आहे. रचायचा, कोसळला की पुन्हा रचायचा. वॉरलॉकला त्या कचऱ्यात हिरे चमकताना दिसतात. बांधणाऱ्यांना त्यांचं सोयरसुतक नाही. हे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग भाच्याने त्यातल्या दोन विदूषकांची नावं मोठ्याने वाचायला सांगितली. अक्षरं जागेवर लावली की मार्व्हलच्याच स्टॅन ली आणि जॉन रोमिता यांची नावं जवळजवळ तयार होतात. म्हणजे ज्या कंपनीसाठी स्टार्लिन काम करत होता, तिच्याच कारखान्याचं हे चित्र, तिच्याच अंकात, तिच्याच पैशाने छापलेलं. वॉरलॉक इथून सुटतो तो ताकदीने नव्हे. शहाणपणाची त्यांची व्याख्या तो झुगारतो आणि वेड आपणहून पत्करतो. आपल्याला घडवू पाहणाऱ्यांपुढे मान तुकवणं त्याने १९६७ मध्येही नाकारलं होतं, इथेही नाकारतो.

स्पायडरमॅनच्या अंकात हे कुणी करू दिलं असतं असं मला वाटत नाही. ज्याच्यावर धंदा चालतो त्याला वेड लावता येत नाही, त्याला क्रूर देव करता येत नाही, त्याचा शेवट लिहिता येत नाही. वॉरलॉककडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून त्याच्या बाबतीत हे सगळं करता आलं. दुर्लक्षाने त्या पात्राचं नुकसान झालं हे खरं, पण मोकळीकही त्यातूनच मिळाली.

त्याच्याभोवती जमलेली माणसंही अशीच कडेची. पिप हा चिरूट ओढणारा, दारूबाज, खुजा ट्रोल कैद्यांच्या जहाजावर भेटतो. सिनेमामुळे आज घराघरांत पोचलेली गमोरा पहिल्यांदा दिसते ती याच कथेत, १८०व्या अंकात, मॅगसला मारायला पाठवलेली मारेकरी म्हणून. तिला पाठवणारा असतो थॅनोस. मॅगस जीवनाच्या बाजूचा आणि थॅनोस मृत्यूचा पुजारी, म्हणून वॉरलॉकला मदत मिळते ती त्या जगातल्या सर्वांत भयंकर माणसाची. तारणहार कोण आणि संहारक कोण याबद्दलच्या माझ्या सगळ्या समजुती इथे उलट्यापालट्या झाल्या.

कथेचा कळस आहे ‘वॉरलॉक’च्या ११व्या अंकात. मॅगसला थांबवायचं तर वॉरलॉकने मॅगस होण्याआधी मरायला हवं. म्हणून तो काळात पुढे जातो आणि स्वतःलाच गाठतो. उद्ध्वस्त पसाऱ्यात एक थकलेला, मोडलेला वॉरलॉक पडला आहे. तो मरायला तयार आहे, जगण्यात त्याला काहीच उरलेलं नाही. आधीचा वॉरलॉक आपल्या मण्याने त्याचा आत्मा ओढून घेतो. मॅगस कधी झालाच नाही असं होतं. पण आता वॉरलॉकला आपला शेवट ठाऊक आहे, आणि थोड्याच काळाने तो येणार हेही. सोल जेमने इतरांचे आत्मे ओढून घेतल्याचं ओझं त्याच्यावर आहेच. त्यात ही आणखी एक हत्या, स्वतःचीच.

मालिका १९७६ मध्ये १५व्या अंकाशी पुन्हा बंद पडली. पण १९७७ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या सातव्या वार्षिकांकात स्टार्लिनने तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने दाखवला. थॅनोस पिप आणि गमोराला मारतो, वॉरलॉक घायाळ पडतो आणि त्याच्यासमोर उभा राहतो तो स्वतः, आधीचा. ११व्या अंकात जे मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते आता मरणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसतं. मी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. एका मरणाची दोन चित्रं, मधे जवळपास दोन वर्षं, आणि दोन्ही एकमेकांत चपखल बसतात. काळाच्या गुंत्याने सुरुवातीला मला वाटेत अडवलं होतं, त्याचं प्रयोजन इथे कळलं.

मेल्यावर तो मण्याच्या आतल्या जगात जातो. पिप आणि गमोरा तिथे आहेत, आणि तिथे कुणी कुणाचं वैरी नाही. १९८२-८३ मध्ये ही कथा सहा विशेषांकांत पुन्हा छापली गेली आणि नव्या वाचकांपर्यंत पोचली. स्टार्लिन १९९० मध्ये ‘सिल्व्हर सर्फर’ लिहू लागला तेव्हा त्याने थॅनोसला परत आणलं, आणि पुढे सर्फर त्या मण्यात शिरून वॉरलॉकला भेटतो. आयुष्यभर ज्याला शांती मिळाली नाही तो तिथे सुखात आहे, आणि तरीही १९९१ च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’मध्ये थॅनोसला अडवायला तो परत येतो, पुन्हा कोशातूनच. जॉर्ज पेरेझ आणि रॉन लिम यांनी चितारलेल्या त्या सहा अंकांत मार्व्हलचे कितीतरी वीर आहेत, आणि त्यांची चाल आखतो तो वॉरलॉक. २०१८ आणि २०१९ चे अ‍ॅव्हेंजर्सचे दोन प्रचंड सिनेमे याच कथेच्या आधाराने उभे राहिले, पण त्यांत वॉरलॉक नाही. त्याचा मणी आहे, गमोरा आहे, थॅनोस आहे.

मला याचं वाईट वाटतं. ज्याच्या गोष्टीत ही सगळी माणसं मोठी झाली, तो त्या गोष्टीच्या बाहेर राहिला. पण स्टार्लिनने जे केलं त्याचं मोल त्यामुळे कमी होत नाही. मागच्यांनी अर्धं सोडलेलं काम त्याने तुच्छ मानलं नाही, बारकाईने वाचलं आणि त्यातला न विचारलेला प्रश्न विचारला. पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच असावं. म्हणून आता मी १९७२ चे ते आठ अंक वाचायला घेतले आहेत, ज्यांना वाचकांनी तेव्हा पाठ दाखवली. स्टार्लिनला त्यांत इतकं काही सापडलं, तर ते सावकाश वाचण्याच्या लायकीचे नक्कीच आहेत.